जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट वाचवायच्या कशा

इचलकरंजीत माझ्या मामाचं दुकान होतं. मागच्या खोलीत व्हीसीआर भाड्याने द्यायचे, आणि १९९४ पासून पुढच्या खोलीत दोन टीव्ही, दोन व्हिडिओ गेम. तासाला पाच रुपये. बाहेर मागांचा खडखडाट, आत कॉन्ट्राच्या गोळ्या. २००३ मध्ये दुकान बंद झालं तेव्हा मामाने एकूण ४१ कॅसेट वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि ती ट्रंक दोन दिवस पाण्याखाली राहिली. नऊ कॅसेट कायमच्या गेल्या. उरलेल्या ३२ मी वाचवल्या. त्या कशा वाचवल्या ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशी एखादी ट्रंक, पिशवी किंवा माळ्यावरचा खोका अजून पुष्कळ घरांत आहे. तो पाण्याखाली जाण्याची गरज नाही, नुसती ओलही पुरते.

मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे सोल्डरिंग मला सरावाचं आहे. पण खाली सांगितलेल्या कामांपैकी निम्म्याहून जास्त कामांना सोल्डरिंग लागतच नाही. लागतो तो वेळ. एका रविवारी दोन कॅसेट, यापेक्षा घाई करू नका.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपण ज्याला लहानपणी नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो, ते बहुतेक ठिकाणी निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलची, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राची, नक्कल होतं. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याच्या कॅसेटला ६० पिना. पुढे अमेरिकेत तोच एनईएस नावाने विकला गेला, तेव्हा कॅसेट मोठी झाली आणि पिना ७२ झाल्या. आपल्याकडच्या पिवळ्या, निळ्या, काळ्या कॅसेट ६० पिनांच्या. मोजून बघा. कॅसेटमधला मजकूर उतरवायचं यंत्र, म्हणजे रीडर, कुठला घ्यायचा ते त्यावरच ठरतं.

हात लावण्याआधी

कॅसेट साफ करायला घेण्याआधी तिचे फोटो काढा. पुढून, मागून, पिनांच्या बाजूने, आणि लेबल जवळून. लेबलवर पेनाने काही लिहिलं असेल तर ते पुसू नका. आमच्या कॅसेटवर मामाच्या अक्षरात नंबर आहेत आणि काहींवर 'चालत नाही, परत द्यायची' असंही आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणायचा आणि बिघडलेली कॅसेट पुढच्या फेरीला बदलून घ्यायची, असा तो व्यवहार होता. तो दुसऱ्या कुठल्या कागदावर उरलेला नाही, त्या लेबलवरच उरला आहे.

मग वही करा. नंबर, रंग, लेबलवरचं नाव, कुठून आली, साधारण किती रुपयांना, कुणी दिली. घरातलं मोठं माणूस हयात असेल तर त्यांना समोर बसवून हे विचारा. मामा सत्तरीचा आहे. पहिल्या दिवशी त्याला काही आठवेना. मी कॅसेट एकेक करून त्याच्या हातात दिली, तेव्हा वजनावरून, घासलेल्या कोपऱ्यावरून त्याला आठवू लागलं. लाल कॅसेट घेऊन म्हणाला, "ही बंदूकवाली. बदकं मारायची. हिच्यापायी टीव्हीची काच फुटायची भीती, पोरं बंदूक काचेला टेकवून झाडायची."

उघडणं आणि धुणं

नकली कॅसेट बहुधा नुसत्या खाचांवर बसवलेल्या असतात. गिटार वाजवायचं प्लास्टिकचं पिक किंवा जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवा, खट्‌ असा आवाज होत सुटत जाते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, कड तुटते आणि मग ती कधीच नीट बसत नाही. अस्सल एनईएस आणि गेम बॉय (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं यंत्र) यांच्या कॅसेटला मात्र वेगळ्या डोक्याचे स्क्रू असतात. त्यांना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्लास्टिकची नळी वितळवून स्क्रूवर दाबायचा जुगाड करू नका.

आत हिरवा बोर्ड दिसेल. त्यावर काळे चौकोनी आयसी, म्हणजे चिपा, असतील किंवा डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा असेल. त्या गोळ्याला ब्लॉब म्हणतात. त्याखाली उघडी चिप असते आणि ती बदलता येत नाही. म्हणून ब्लॉबवाल्या कॅसेटची प्रत ती बंद पडायच्या आतच काढली पाहिजे. क्वचित एखाद्या आयसीवर स्टिकर असतो आणि त्याखाली काचेची छोटी गोल खिडकी. तो स्टिकर काढू नका. ती ईप्रॉम चिप असते, खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतला मजकूर पुसला जातो. त्या चिपमधला विद्युतभार तसाही वर्षानुवर्षं हळूहळू निसटत असतो. म्हणून रांगेत पहिला नंबर तिचा.

साफसफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, त्यांच्याकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. कानकोरण्याचा कापूस त्यात भिजवून पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसायचं, आडवं नाही. कापूस काळा होणं थांबेपर्यंत बोळे बदलत राहायचं. हिरवट गंज बसला असेल तर पांढरा, मऊ खोडरबर हलक्या हाताने, आणि नंतर पुन्हा आयपीए. सँडपेपर, ब्रासो, तारेचा ब्रश यातलं काहीही नको. पिनांवरचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो एकदा गेला की खालचं तांबं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवं होतं.

पुरातल्या कॅसेटसाठी आणखी एक पायरी आहे. चिखल सुकला असला तरी त्यात क्षार असतात. आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बोर्ड बुडवून मऊ टूथब्रशने धुवा. बॅटरीत घालायचं पाणी चालतं, नळाचं नाही. बोर्डावर बटण सेल असेल तर तो बोर्ड बुडवू नका, ओल्या कापसाने पुसा. मग आयपीएने पाणी बाहेर काढा आणि पंख्याखाली दोन दिवस उभं ठेवा. हेअर ड्रायर नको. आमच्या गेलेल्या नऊपैकी दोन कॅसेट पुराने गेल्या नव्हत्या. पूर ओसरल्यावर माझ्या मामेभावाने त्या तशाच ओल्या कन्सोलमध्ये लावून बघितल्या. चालतात की नाही हे बघायची घाई कुणालाही होईल. करू नका.

आणि फुंकर. आपण सगळ्यांनी मारली आहे. कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा बसवल्यामुळे. पिन वेगळ्या जागी टेकायची, एवढंच. श्वासातली वाफ मात्र पिनांवर बसायची आणि गंज धरायचा.

कन्सोलही लावून बघायचा असेल तर आधी अडॅप्टर मल्टिमीटरने तपासा. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन ऋण असते, नकली कन्सोलमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात. खोक्यावर किंवा कन्सोलच्या पोटावर छापलेली खूण बघितल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या यंत्राचा अडॅप्टर लावू नका. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. कॅसेट न लावता त्याच्या शेवटच्या पायावर ५ व्होल्ट येतात का ते बघा. सहा-सात येत असतील तर तिथे लावलेली प्रत्येक कॅसेट धोक्यात आहे.

प्रत काढणं

कॅसेटमधला मजकूर संगणकावर उतरवायला रीडर लागतो. मी आर्डुइनो मेगा या छोट्या तयार बोर्डावर बांधायचा खुला कार्ट रीडर वापरते. त्याची सर्किटं आणि प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडे आहेत, बोर्ड बनवून घेता येतो, ६० पिनांसाठी वेगळा अडॅप्टर जोडायचा. तो फाइल थेट मेमरी कार्डवर लिहितो. गेम बॉयसाठी जीबीएक्सकार्ट नावाचा तयार रीडर यूएसबीवर चालतो. बांधायचं नसेल तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला प्रोजेक्ट म्हणून द्या. माझ्या वर्गातल्या दोघींनी तो तीन आठवड्यांत बांधला.

वीज चालू असताना कॅसेट घालू-काढू नका. रीडरला कॅसेटचा प्रकार सांगावा लागतो, म्हणजे प्रोग्रामची चिप किती मोठी, चित्रांची चिप किती मोठी, आणि मॅपर कुठला. मॅपर म्हणजे मोठा गेम लहान खिडकीतून तुकड्या-तुकड्याने दाखवायची कॅसेटमधली व्यवस्था. सुपर मारिओ ब्रदर्सला ती लागत नाही, त्यात ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं, बस. एवढ्या जागेत तो अख्खा गेम बसवला आहे. मी वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिते, तेव्हा मुलं आपापल्या फोनमधल्या एका फोटोचा आकार बघतात आणि वर्ग शांत होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक कॅसेट तीनदा वाचा. दर वेळी काढून पुन्हा बसवा. तिन्ही फाइलींचा चेकसम, म्हणजे सीआरसी-३२ किंवा एसएचए-१ काढा. तो फाइलीचा अंगठ्याचा ठसा समजा. एक बाइट जरी बदलला तरी ठसा बदलतो. तिन्ही ठसे जुळले तर वाचन बहुधा बरोबर. नाही जुळले तर पुन्हा आयपीए.

कॅसेट क्रमांक १७ चं सांगते. पिवळी, लेबल अर्धं गेलेलं, पुरातून आलेली. पहिलं वाचन एक, दुसरं वेगळं, तिसरं पहिल्यासारखं. तीनपैकी दोन जुळले म्हणून मी ते बरोबर धरणार होते. पण एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, गेम सुरू होऊन पहिल्याच पायरीवर अडकला. दोन फाइली शेजारी-शेजारी उघडून बघितल्या तर फरक सगळीकडे पसरलेला नव्हता. ४०९६ बाइटचा एक ठोकळा बरोबर, पुढचा ठोकळा आधीच्याचीच नक्कल, मग पुन्हा बरोबर, पुन्हा नक्कल. ४०९६ म्हणजे २ चा १२ वा घात. म्हणजे चिपमधली कुठली जागा वाचायची तो पत्ता सांगणाऱ्या तारांपैकी ए-१२ ही तार चिपपर्यंत पोचतच नव्हती. चिपला वाटत होतं की आपल्याला सतत पहिलाच ठोकळा विचारला जातोय. भिंगाखाली बघितलं, त्या एका पिनेच्या वर, जिथून तार बोर्डात शिरते तिथे, केसासारखी हिरवी भेग होती. पातळ वायरचा तुकडा डाग देऊन जोडला. पुढची तिन्ही वाचनं जुळली आणि गेम शेवटपर्यंत चालला. म्हणून सांगते, दोनदा जुळलं म्हणजे बरोबर असं नाही. चूकही दोनदा तशीच येऊ शकते.

आकार चुकीचा सांगितला तर उलटं होतं. लहान गेम मोठा समजून वाचला की तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. बॅटल सिटीत, म्हणजे आपल्या रणगाड्याच्या गेममध्ये, प्रोग्राम अवघा १६ केबीचा. तो ३२ म्हणून वाचला तर दुसरा अर्धा भाग पहिल्याची हुबेहूब नक्कल निघतो. फाइल अर्धी कापून दोन्ही अर्ध्यांचे ठसे जुळवून बघा, लगेच कळतं.

आणखी एक घोळ नेहमी होतो. एम्युलेटरसाठीच्या फाइलीला सुरुवातीला १६ बाइटचं शीर्षक जोडतात, त्याचे पहिले चार बाइट ४ई ४५ ५३ १ए असे असतात. कॅसेटमध्ये ते नसतं, ते आपण लावतो. म्हणून मारिओची कच्ची प्रत ४०,९६० बाइटची आणि शीर्षकासह ४०,९७६ ची. ठसा दोन्हींचा वेगळा येणार. जगभरच्या संग्राहकांनी अस्सल कॅसेटचे ठसे जमवून याद्या केल्या आहेत, नो-इंट्रो ही त्यातली नावाजलेली. आपला ठसा शीर्षक काढून त्या यादीशी ताडून बघा. यादीत फक्त ठसे असतात, गेम नव्हे, त्यामुळे ती वापरण्यात काहीच गैर नाही. आमच्या ३२ पैकी ११ ठसे यादीत जसेच्या तसे सापडले. बाकीचे सापडले नाहीत, आणि माझ्या मते त्याच कॅसेट जास्त मोलाच्या आहेत. कुणीतरी कुठेतरी कंपनीचं नाव पुसून टाकलेलं, आयुष्यं वाढवलेली, पहिल्या पडद्यावर भलतंच चित्र चिकटवलेलं. ही फेरफार केलेली रूपंच आपण खेळलो.

'९९९९ इन १' या कॅसेटचं तर वेगळं प्रकरण आहे. यादी ९९९९ ची, पण आमच्या कॅसेटमध्ये मी मोजले तर वेगळे गेम २३. बाकी सगळे तेच गेम, वेगळ्या पातळीवरून सुरू होणारे. यांचे मॅपर एकेका कारखान्याने आपापल्या डोक्याने केलेले, आणि बहुतेक ब्लॉबखाली. नेहमीच्या पर्यायांनी वाचता आलं नाही तर जबरदस्ती करू नका. कन्सोलवर लावून, व्हिडिओ आउट कॅप्चर कार्डात (चित्र संगणकात उतरवणारं साधन) घेऊन मेनूचं रेकॉर्डिंग करून ठेवा, संगीतासकट. उद्या कॅसेट मेली तरी मेनू राहील.

सेल असलेल्या कॅसेट

मामाचे धाकटे भाऊ कुवेतला होते. त्यांनी मामेभावाला गेम बॉय आणि पोकेमॉन सिल्व्हर आणला होता. आमच्याकडची ही एकमेव अस्सल कॅसेट. तिच्यात बटण सेल असतो, खेळाडूची जमवाजमव, म्हणजे सेव्ह, त्या सेलच्या जोरावर टिकते. या गेममध्ये घड्याळही चालू राहतं, म्हणून सेल लवकर संपतो. सेल काढला की त्या क्षणी सगळं पुसलं जातं. तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी रीडरवर सेव्हची प्रत काढायची, ३२ केबीची असते, मग सेल बदलायचा, मग सेव्ह परत कॅसेटमध्ये लिहायचा. सेल सीआर २०२५, पण आतल्या सेलवरचा नंबर स्वतः वाचून खात्री करा. नवा सेल पट्ट्या लावलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटतो.

आमची कॅसेट नशीबवान. ती ट्रंकेत नव्हती, वरच्या फळीवर डब्यात होती. सेल अजून तग धरून होता. मामेभाऊ आता दोन मुलांचा बाप आहे. सेव्ह उघडला तेव्हा त्यात खेळाडूचं नाव म्हणून त्याच्या धाकट्या बहिणीचं नाव निघालं. ती २००६ मध्ये गेली. त्याला हे माहीतच नव्हतं की शेवटचा सेव्ह तिचा आहे. त्या ३२ केबीच्या प्रती आम्ही चार ठिकाणी ठेवल्या आहेत.

चालवून बघणं

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्रासारखं वागणारा प्रोग्राम. फॅमिकॉमसाठी मेसेन किंवा एफसीईयूएक्स घ्या, दोन्ही फुकट आणि खुले. हे वापरणं बेकायदा आहे असा समज खूप पसरला आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकेत सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर खटला भरला होता, त्यात २००० साली अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याच्या यंत्राचा अभ्यास करून तसं वागणारा आपला प्रोग्राम लिहिणं ही चोरी नाही. प्रश्न येतो तो त्यात घालायच्या गेमच्या प्रतीचा.

पहिल्यांदा मी मारिओ लावला आणि मामाला हाक मारली. तो मिनिटभर उभा राहून म्हणाला, "अगं, हे लई पळतंय. आपलं एवढं पळत नव्हतं. गाणंबी असं नव्हतं."

मामाचं बरोबर होतं. मूळ यंत्र जपान-अमेरिकेच्या टीव्हीसाठी सेकंदाला ६० चित्रं काढायचं. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, ५० चित्रांचा, आणि मामाकडचे नकली कन्सोल त्याला जुळवून बनवलेले होते. त्यामुळे गेम आणि त्याचं संगीत दोन्ही सुमारे १७ टक्के संथ. मेसेनमध्ये प्रदेश निवडायचा पर्याय आहे, तिथे 'डेंडी' निवडा. डेंडी हा रशियात गाजलेला असाच नकली कन्सोल. शिवाय काही नकली चिपांमध्ये आवाजाच्या दोन लहरींची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे सूर जरा वेगळाच, नाकातला येतो. ध्वनीच्या प्रगत पर्यायांत तीही खूण आहे. दोन्ही लावलं. मामा खुर्चीवर बसला आणि तिसऱ्या पायरीपर्यंत खेळला.

इंटरनेटवरून उतरवलेली फाइल आपली गरज भागवत नाही ती याचसाठी. ती अमेरिकेत किंवा जपानमध्ये विकल्या गेलेल्या कॅसेटची असते. आपल्या दुकानात जे वाजत होतं ते आपल्याच ट्रंकेत आहे.

कायदा

इथे सावकाश वाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एए) प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याला ती हरवू-बिघडू नये म्हणून तात्पुरतं संरक्षण म्हणून राखीव प्रत काढता येते, ज्या कामासाठी तो प्रोग्राम दिला होता त्याच कामासाठी. म्हणजे कुवेतहून आलेल्या त्या अस्सल कॅसेटची प्रत मी निर्धास्तपणे काढली. ती दुसऱ्याला दिली किंवा विकली तर हे संरक्षण संपतं.

नकली कॅसेटना ते लागू होत नाही. त्या मुळातच चोरीच्या प्रती. कलम ६३ब तर असंही म्हणतं की अशी प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणं हा गुन्हा आहे. नफ्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं, पण गुन्हा तो गुन्हाच. मी त्यांच्या प्रती काढल्या आणि त्या चालतात का हे तपासलं, ते हे सगळं माहीत असताना, कारण नाहीतर त्या नष्ट होणार होत्या. तो माझा निर्णय, त्याची जबाबदारी माझी. तुमचा निर्णय तुम्ही घ्या. फोटो, वही, आठवणी आणि ठशांची यादी याला मात्र कुठलाच कायदा आडवा येत नाही, तेवढं तरी प्रत्येकाने करावं.

गेम बनवणाऱ्यांचा हक्क मला मान्य आहे, मनापासून. जो गेम आज विकत मिळतो तो विकत घ्या. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने भाग एकत्र करून विक्रीला काढले, स्टीम या ऑनलाइन दुकानात आहेत. मी घेतले, आणि कॉन्ट्रा खेळायचा असेल तेव्हा तेच खेळते. गेमच्या फाइली वाटणाऱ्या साइटींवर निन्टेंडोने केलेले खटलेही लक्षात ठेवा. २०१८ मध्ये अशा एका साइटच्या मालकांविरुद्ध १ कोटी २२ लाख डॉलरहून मोठ्या रकमेचा निवाडा झाला. २०२४ मध्ये युझू या एम्युलेटरच्या कर्त्यांनी २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि काम थांबवलं. तिथे तक्रार होती ती स्विच या चालू यंत्राचं कुलूप तोडण्याची. आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडायला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. जुन्या फॅमिकॉम कॅसेटमध्ये मजकुराला कुलूप नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही. नव्या यंत्रांच्या गेमना हे मार्गदर्शन लावू नका.

पण गेमचे हक्क असलेल्या मालकांकडे माझी एक मागणी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजलं, तर २०१० च्या आधी तिथे आलेल्या जुन्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. ग्रंथालयांना अभ्यासकांसाठी असे गेम दुरून उघडून देता यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने फेटाळली. मालकांच्या संघटनेने विरोध केला होता. जे तुम्ही स्वतः विकत नाही, ते ग्रंथालयाला जपू आणि दाखवू द्या. आपल्याकडे कलम ५२(१)(एन) ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या डिजिटल नसलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवू देतं. कॅसेट मुळातच डिजिटल, म्हणून ती नेमकी या कलमातून निसटते. ते कलम रुंद व्हायला हवं. कॉलेजची, नगरपालिकेची ग्रंथालयं हे काम करू शकतात. ट्रंका मिळतील, माणसं मिळतील, फक्त दार उघडं पाहिजे.

ठेवायचं कसं

आमच्या सगळ्या फाइली मिळून ९ एमबी भरल्या. फोटो आणि रेकॉर्डिंग धरून ६ जीबी. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. एक माझ्या लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्ह साताऱ्याला मावशीकडे. फाइलींबरोबर ठशांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा आणि वर्षातून एकदा पुन्हा ठसे काढून ताडून बघा. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर भरवशाचा नाही.

कॅसेट आणि कन्सोल टाकून देऊ नका. वर्तमानपत्र काढा, ते ओल धरतं आणि त्यात आम्लही असतं. प्रत्येक कॅसेट झिप लॉकच्या पिशवीत, पिशवीवर वहीतला नंबर, आणि सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, जमिनीपासून निदान पाच फूट वर. आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. त्या कोरड्या असताना निळ्या किंवा केशरी असतात, भरल्या की गुलाबी किंवा हिरव्या होतात. आमच्याकडे त्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तव्यावर मंद आचेवर वाळवून परत डब्यात टाकतात. हे काम मामीने स्वतःहून घेतलं आहे.